जुन्या कपाटास नवा पापुद्रा

काळी नदीवर सुपे येथे धरण झाले आणि १९८० च्या दशकात जुने सुपे गाव पाण्याखाली गेले. घरे तेथेच राहिली. उचलून आणता आली ती कपाटे, पेट्या व देव्हारे मात्र माणसांबरोबर रामनगर व इतर ठिकाणी आले. आज जोयडा तालुक्यातील घरांत अशी वस्तू विटली, की ती सरपणात जाते. सभासद बंधुभगिनींस आमची विनंती अशी की, आधी तिचे लाकूड ओळखावे.

व्हिनियर म्हणजे लाकडाचा सुमारे अर्धा मिलिमीटर जाडीचा पापुद्रा. वस्तू अस्सल सागवानी वा शिसवी असून धड असेल, तर तो लावू नये. काचकागदाने घासून लाखेचे पॉलिश द्यावे. पृष्ठभाग प्लायवूडचा असेल किंवा भेगांनी खराब झाला असेल, तरच पापुद्रा उपयोगी.

प्रथम वाळवीचा बंदोबस्त करावा. मग जुने मेण व तेल काढून, भेगा बुजवून फळी सपाट करावी. सरस सारखा पसरून पापुद्रा मधून कडांकडे दाबत न्यावा व त्यावर रात्रभर वजन ठेवावे. दारास एकाच बाजूने पापुद्रा लावल्यास ते वाकते. म्हणून दोन्ही बाजूंनी लावावा. शेवटी रेषांच्या दिशेनेच हलके घासावे, नाहीतर पापुद्रा फाटून जातो. आपल्याकडे पावसाळ्यात लाकूड फुगते व सरस नीट वाळत नाही; तेव्हा हे काम दिवाळीनंतर काढावे.

एक मात्र सांभाळावे. दाराच्या आत वडिलधाऱ्यांनी नाव कोरले असेल, तर त्यावर पापुद्रा चढवू नये. त्या गावाची तेवढीच खूण आपल्यापाशी उरली आहे.