उद्याने उभारली, जोपासायची कोणी?

सार्वजनिक उद्यान ही हौसेची बाब आहे, अशी समजूत नगरपालिकांच्या सभागृहांत आणि पुष्कळदा नागरिकांच्या मनांतही खोलवर रुजलेली आहे. रस्ते, पाणी, गटारे आणि दिवे यांची सोय लागल्यावर पैसा उरलाच, तर बागबगीचा, असा हा क्रम असतो. परंतु दोन खोल्यांत पाच-सहा माणसांचा संसार थाटणाऱ्या कुटुंबाला शहरात अंगण उरलेले नाही. कोपऱ्यावरची बाग हेच त्याचे अंगण. परीक्षेच्या दिवसांत घरातल्या गलबल्यापासून दूर पुस्तक उघडून बसणारा विद्यार्थी, मुलगा आणि सून कामावर गेल्यानंतर बाहेर पडणारे निवृत्त शिक्षक, स्वयंपाक आटोपून घटकाभर मैत्रिणींशी बोलू पाहणारी गृहिणी आणि संध्याकाळी मोकळे धावू इच्छिणारी मुले, या सर्वांना पैसे न मोजता बसता येईल अशी दुसरी जागा शहरात बहुधा नसते. मुंबईसारख्या महानगरात दर माणशी मोकळी जागा जेमतेम सव्वा चौरस मीटर भरते, हे विकास आराखड्याच्या निमित्ताने वारंवार सांगितले गेले आहे. एवढ्या तुटपुंज्या जागेचा सांभाळ कसा होतो, हा प्रश्न म्हणूनच शोभेचा राहात नाही.

या प्रश्नाची चर्चा होते ती बहुधा नव्या उद्यानांच्या संदर्भात. आरक्षित भूखंड ताब्यात घ्या, त्यावरील अतिक्रमणे हटवा, बाग करा, अशा मागण्या होतात आणि त्या रास्तच आहेत. परंतु जी उद्याने आहेत ती कोणत्या स्थितीत आहेत, त्यांचा रोजचा कारभार कोण आणि कसा पाहतो, याकडे मात्र सहसा लक्ष जात नाही.

दोन लेखाशीर्षे

याचे मूळ अंदाजपत्रकाच्या रचनेत सापडते. नवी बाग बांधण्याचा खर्च भांडवली असतो. त्याला आराखडा असतो, निविदा असते आणि शेवटी उद्घाटनाचा समारंभही असतो. त्या बागेला पुढची वीस वर्षे रोज पाणी घालणे, गवत कापणे, बाके रंगवणे आणि शौचालय धुणे हा खर्च महसुली असतो. त्याची कोनशिला बसत नाही. नगरसेवकाला आपल्या कारकिर्दीत दाखवता येईल असे काही हवे असते आणि वेळेवर झालेली खुरपणी दाखवता येत नाही. म्हणून बांधकामाला पैसा मिळतो आणि देखभालीच्या रकमेला कात्री लागते. चार-पाच वर्षांत कारंजे बंद पडते, फरशा उखडतात, हिरवळीच्या जागी धूळ उडू लागते. मग त्याच बागेच्या 'सुशोभीकरणा'चा नवा प्रस्ताव येतो आणि नव्याने कोनशिला बसते. जे थोड्या पैशांत दरवर्षी टिकवता आले असते, ते मोडू देऊन पुष्कळ पैशांत पुन्हा उभारण्याचा हा व्यवहार आहे.

या व्यवहारात केवळ पैसाच वाया जातो असे नाही. मार्च 2024 मध्ये मुंबईत वडाळा येथील महापालिकेच्या एका उद्यानात खेळायला गेलेले दोन लहानगे भाऊ तेथील पाण्याच्या टाकीत पडून दगावले. टाकीच्या तोंडावर भक्कम झाकण नव्हते. प्लास्टिकच्या आवरणावर भागवलेले होते. मुंबई उच्च न्यायालयाने या घटनेची स्वतःहून दखल घेतली. एका झाकणाची किंमत कोणत्याही अंदाजपत्रकात जाणवणारही नाही. परंतु झाकण जागेवर आहे की नाही हे रोज पाहणारा माणूस आणि ते नाही असे कळताच त्याच दिवशी बसवण्याचा अधिकार, या दोन गोष्टी असाव्या लागतात. देखभाल म्हणतात ती हीच.

रोजचे काम आणि त्याचा हिशेब

बागेचे काम बाहेरून दिसते तितके सोपे नाही. नुसत्या हिरवळीचा हिशेब पाहावा. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी द्यायचे म्हणजे एक लिटर पाणी लागते. उन्हाळ्यात जमिनीतून आणि पानांतून मिळून दिवसाला पाच मिलिमीटर पाणी उडून जाते असे धरले, तरी एक एकर हिरवळीला रोज सुमारे 20 हजार लिटर पाणी हवे. दहा हजार लिटरचे दोन टँकर झाले! ज्या शहरात मे महिन्यात नळाला दिवसाआड पाणी येते, तेथे एवढे पिण्याचे पाणी गवतावर ओतण्याचे समर्थन कोणीही करू शकणार नाही. याचा अर्थ हिरवळ असूच नये असा होत नाही. ती मुलांना लोळता येईल एवढीच असावी, बाकीच्या जागेवर सावली देणारी देशी झाडे आणि कमी पाण्यावर तग धरणारी झुडपे असावीत, आणि पाणी शुद्ध केलेल्या सांडपाण्यातून यावे, असा त्याचा अर्थ आहे. हा विचार आराखडा कागदावर असतानाच व्हायला हवा. कारण बागेच्या पुढच्या सर्व खर्चाचे बीज त्या कागदातच पेरले जाते.

वृक्षांचेही तसेच आहे. बुंध्याला घट्ट भिडवून फरशी किंवा सिमेंट घातले की मुळांना हवा-पाणी मिळत नाही आणि झाड हळूहळू कमजोर होते. दिल्लीतील झाडांच्या संदर्भात राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्येच बुंध्याभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता. तरीही सुशोभीकरणाच्या नावाखाली झाडाभोवती पार बांधून त्याचा गळा आवळण्याचे काम अनेक शहरांत चालू असते. झडलेली पाने जाळून टाकणे हाही असाच प्रकार. कोपऱ्यातल्या एका खड्ड्यात तीच पाने कुजवली, तर बागेपुरते खत बागेतच तयार होते आणि कचऱ्याची गाडीही लागत नाही. खेळण्यांचे सांधे, झोपाळ्यांच्या साखळ्या, घसरगुंडीचा पत्रा, दिव्यांच्या तारा यांची तपासणी ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या माणसाने करून वहीत नोंदवावी लागते. हे सारे माळ्याला आणि मुकादमाला कळत नाही असे नाही. त्यांना विचारले जात नाही.

कायदा आणि ठेका

कायद्यानेही उद्यानांना फारसा आधार दिलेला नाही. मुंबईखेरीज राज्यातील इतर महापालिकांना लागू असलेल्या 1949 च्या अधिनियमात कर्तव्यांचे दोन गट आहेत: काही कामे बंधनकारक, तर काही ऐच्छिक. सार्वजनिक उद्याने दुसऱ्या गटात मोडतात. 74 व्या घटनादुरुस्तीने, 1992 मध्ये, बारावी अनुसूची घालून उद्याने, बगीचे आणि क्रीडांगणे या नागरी सोयींचा समावेश नगरपालिकांच्या अठरा विषयांत केला. परंतु विषय सोपवणे आणि त्यासाठी नियमित पैसा राखून ठेवणे यांत मोठे अंतर आहे. 1975 च्या वृक्षसंरक्षण कायद्याने निदान झाडांसाठी वृक्ष प्राधिकरण तरी निर्माण झाले. उद्यानाच्या रोजच्या निगराणीसाठी तसे काहीच नाही.

या पोकळीत ठेकेदारीने प्रवेश केला. निवृत्त झालेल्या माळ्याची जागा भरायची नाही आणि त्याचे काम ठेक्याने द्यायचे, हा आता शहरोशहरीचा परिपाठ झाला आहे. ठेका मुळातच वाईट असे म्हणण्याचे कारण नाही. परंतु जो कमीत कमी दर भरेल त्याला वर्ष-दोन वर्षांसाठी बाग सोपवली, तर तो दर भरून निघतो तो मजुरांची संख्या आणि त्यांची मजुरी कमी करूनच. आज या बागेत आणि उद्या त्या बागेत पाठवल्या जाणाऱ्या मजुराला कोणत्या झाडाला वाळवी लागली आहे आणि कोणत्या कोपऱ्यात पावसाळ्यात पाणी तुंबते, हे कळणार कसे? बागकाम ही एका जागी वर्षानुवर्षे राहून येणारी विद्या आहे. जुन्या माळ्याबरोबर ती निवृत्त होते, तिची नोंद कोठेही राहात नाही.

मुंबईच्या भायखळ्यातील राणीचा बाग, म्हणजे आजचे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. 1862 मध्ये ते लोकांसाठी खुले झाले, तेव्हा त्याचा कारभार एका उद्यानविद्या संस्थेकडे होता. 1873 मध्ये ते नगरपालिकेकडे आले. आज तेथे तीन हजारांवर झाडे आहेत आणि त्यांतील कित्येक शतकापलीकडची आहेत. कोणत्याही एका योजनेने ही संपत्ती उभी राहिलेली नाही. माळ्यांच्या अनेक पिढ्यांनी ती जोपासली. म्हणूनच पुनर्विकासाचा भव्य आराखडा पुढे आला, तेव्हा या वृक्षांच्या रक्षणासाठी नागरिकांना चळवळ उभारावी लागली.

दत्तकाचा वाद

पैसा नाही, मग उद्याने खाजगी संस्थांना दत्तक द्या, असा एक उपाय सुचवला जातो. मुंबई महापालिकेच्या सभेने जानेवारी 2016 मध्ये तसे धोरण मंजूर केले. परंतु पूर्वी दिलेल्या काही भूखंडांवर क्लब उभे राहून सामान्य माणसाला दारे बंद झाल्याचा अनुभव ताजा असल्याने मोठा विरोध झाला आणि मुख्यमंत्र्यांना त्यास स्थगिती द्यावी लागली. नागरिकांची ही शंका निराधार नव्हती. तरीही, भूखंड परत घेतला म्हणजे त्याची निगा आपोआप राखली जाते असेही नाही. विरोध करणाऱ्यांपुढेही देखभालीचा प्रश्न उभा राहतोच.

या बाबतीत परदेशातील एक उदाहरण उद्बोधक आहे. न्यूयॉर्कचे 843 एकरांचे सेंट्रल पार्क 1970 नंतरच्या दशकात अत्यंत दुरवस्थेला पोचले होते. शहराची तिजोरी रिकामी होती, हिरवळी उजाड झाल्या होत्या आणि संध्याकाळनंतर तेथे फिरकण्यास लोक भीत. 1980 मध्ये नागरिकांची एक संस्था स्थापन झाली आणि पुढे तिने उद्यानाचा कारभार हाती घेतला. तिच्यामागे श्रीमंतांच्या देणग्या आहेत. त्यामुळे ती व्यवस्था जशीच्या तशी येथे आणणे शक्यही नाही आणि इष्टही नाही. परंतु तिने केलेला एक बदल पैशाइतकाच महत्त्वाचा ठरला. 1990 नंतरच्या दशकात संपूर्ण उद्यानाचे 49 विभाग पाडण्यात आले आणि प्रत्येक विभाग एकेका माळ्याच्या नावे करण्यात आला. विभागातील झाड, बाक, गवत, कचरा या सर्वांचे उत्तर तो एक माणूस देऊ लागला. काही बिघडले तर कोणाला विचारायचे, हे येणाऱ्याजाणाऱ्यालाही कळू लागले. या तत्त्वाला डॉलर लागत नाहीत.

काय करता येईल?

येथील महापालिकांनाही हे अशक्य नाही. सिंहगड रस्त्यावरील पु. ल. देशपांडे उद्यान पुणे महापालिकेनेच जपानी धर्तीवर उभारले, 2006 मध्ये ते खुले झाले आणि त्याची निगा आजही डोळ्यांत भरते. मनावर घेतले तर तेच प्रशासन चांगले काम करू शकते, हे त्यावरून सिद्ध होते. प्रश्न आहे तो ही काळजी नावाजलेल्या एका बागेपुरती न ठेवता वस्तीतल्या अर्ध्या एकराच्या बागेपर्यंत पोचवण्याचा.

त्यासाठी काही साध्या गोष्टी कराव्या लागतील. नव्या उद्यानास मंजुरी देताना त्याच्या पहिल्या दहा वर्षांच्या देखभालीचा खर्च ठरावातच नमूद व्हावा आणि तेवढी तरतूद नसेल तर आराखडा लहान करावा. प्रत्येक बागेला एक कायम माळी असावा आणि त्याचे नाव, हुद्दा व तक्रारीसाठीचा दूरध्वनी क्रमांक फाटकावर लावावा. ठेका द्यायचाच असेल, तर किती माणसे लावली यावर न देता बाग कशी राहिली यावर पैसे द्यावेत. न्यूयॉर्कची नगरपालिका आपली उद्याने स्वच्छता आणि सुस्थिती या कसोट्यांवर तपासते आणि निकाल वार्षिक अहवालात छापते. तसे तपासणीचे तक्ते येथेही दर तिमाहीस प्रसिद्ध झाले, तर कोणती बाग कोणामुळे उजाड झाली हे लपून राहणार नाही. कामगारवर्गाला संध्याकाळी सातनंतरच सवड मिळते, हे ध्यानात घेऊन वेळापत्रकेही आखली पाहिजेत.

नागरिकांनाही यातून सुटका नाही. हिरवळीवर खाऊचे कागद टाकून जाणारा आणि बागेची अवस्था पाहून पालिकेला दूषणे देणारा माणूस पुष्कळदा एकच असतो. परिसरातील शाळांनी आणि वाचनालयांनी एकेका बागेवर लक्ष ठेवले, अंदाजपत्रकाच्या चर्चेच्या वेळी आपल्या प्रभागातील बागेसाठी देखभालीची रक्कम किती धरली आहे एवढे जरी नगरसेवकाला विचारले, तरी पुष्कळ फरक पडेल. नवी बाग कधी होणार, हे आजवर प्रत्येक निवडणुकीत विचारले गेले. जुन्या बागेतील टाकीवर झाकण आहे काय, हेही आता विचारले गेले पाहिजे.