दर दोन मिनिटांनी डिस्कॉर्ड अडखळायचं, कारण आत साफसफाई सुरू व्हायची

डिस्कॉर्ड उघडलं की एखाद्या चॅनलचं नाव ठळक दिसतं. म्हणजे तिथं तुम्ही न वाचलेलं काहीतरी आहे. कुणी तुम्हाला टॅग केलं असेल तर लाल गोळ्यात आकडा येतो. मेसेज वाचला की दोन्ही गायब.

दिसायला किती साधं. पण कोण कुठल्या चॅनलमध्ये कुठपर्यंत वाचून थांबलंय, हे प्रत्येक माणसासाठी आणि प्रत्येक चॅनलसाठी कुणीतरी लक्षात ठेवायला लागतं. डिस्कॉर्डमध्ये या कामासाठी एक वेगळी सेवाच होती, नाव रीड स्टेट्स. ॲप उघडलं, मेसेज पाठवला, मेसेज वाचला, की प्रत्येक वेळी हिच्याकडे काम जायचं.

ही सेवा गो या भाषेत लिहिलेली होती आणि एरवी ती झपाट्यानं चालायची. पण इंजिनिअर लोक आलेख बघायचे तेव्हा त्यांना एक विचित्र गोष्ट दिसायची. साधारण दर दोन मिनिटांनी उत्तर द्यायला लागणारा वेळ एकदम वर उसळायचा, प्रोसेसरवरचा भार वाढायचा आणि मग सगळं पुन्हा शांत. घड्याळ लावल्यासारखं, दर दोन मिनिटांनी.

लोक जास्त आले म्हणून असं व्हायचं म्हणावं, तर लोक काही दर दोन मिनिटांनी ठरवून येत नाहीत. दोष होता आतल्या सफाई कामगाराचा, म्हणजे गार्बेज कलेक्टरचा.

आता हा कोण?

कुठलाही प्रोग्रॅम चालताना मेमरीत जागा घेत राहतो. तुम्ही एक फोटो बघितला, घेतली जागा. एक मेसेज आला, घेतली जागा. काम झालं की ती जागा परत करायला हवी, नाहीतर मेमरी भरून प्रोग्रॅम बसतो. सी किंवा सी प्लस प्लस भाषेत हे परत करायचं काम प्रोग्रॅमरचं. तो विसरला तर मेमरी वाया जाते. त्यानं घाई केली तर त्याहून वाईट होतं, कारण जी जागा कुणीतरी अजून वापरतंय तीच दुसऱ्याला दिली जाते. हॅकर मंडळींना अशा चुका फार आवडतात. मायक्रोसॉफ्टनं २०१९ मध्ये सांगितलं होतं की, ते दरवर्षी सुरक्षेच्या ज्या त्रुटी दुरुस्त करतात त्यातल्या सुमारे ७० टक्के मेमरी नीट न हाताळल्यामुळे झालेल्या असतात.

मग जावा, पायथन, जावास्क्रिप्ट, गो या भाषांनी ठरवलं की, प्रोग्रॅमरच्या भरवशावर राहायचंच नाही. भाषेसोबतच एक कामगार द्यायचा, जो नको झालेल्या वस्तू स्वतःच शोधून उचलेल.

ही कल्पना खूप जुनी आहे. जॉन मॅकार्थी यांनी १९६० च्या आसपास लिस्प भाषेसाठी ती आणली. तेव्हाची एक गंमत खुद्द मॅकार्थींनीच लिहून ठेवली आहे. एमआयटीत पाहुण्यांसमोर लिस्पचं प्रात्यक्षिक चाललं होतं. मध्येच मेमरी संपली, गार्बेज कलेक्टर जागा झाला आणि त्यानं आपण काय काय साफ केलं याचा भलामोठा अहवाल टाइप करायला घेतला. तिथलं यंत्र सेकंदाला फक्त दहा अक्षरं छापायचं. अहवाल काही संपेना, वेळ मात्र संपत आली. पाहुण्यांना हा कचरावाला मध्येच कुठून आला ते कळेना. काहींना वाटलं, कुणीतरी थट्टा केली. हसून हसून मॅकार्थी आणि प्रात्यक्षिक देणारा व्याख्याता यांची पुरेवाट झाली.

पण त्या दिवशी एक खरी अडचणही सगळ्यांसमोर आली होती. सफाई चालू असताना बाकी काम बंद.

हे समजायला मंगल कार्यालय डोळ्यांसमोर आणा. वीस खोल्या, वऱ्हाड उतरलेलं, जिकडेतिकडे बॅगा. मॅनेजरला बेवारस बॅगा काढून टाकायच्या आहेत. त्याची पद्धत अशी की, माणसांपासून सुरुवात करायची. हा माणूस कुठल्या बॅगा आपल्या म्हणतो? त्यांवर खडूनं खूण. त्या बॅगेत आणखी कुठल्या पिशवीची पावती आहे? त्या पिशवीवरही खूण. असं करत जिथवर धागा जातो तिथवर जायचं. शेवटी ज्यावर खूण नाही ते बेवारस, ते उचलायचं.

गार्बेज कलेक्टर हेच करतो. तो कचरा शोधत नाही, तो कामाच्या वस्तू शोधतो आणि उरलेल्याला कचरा म्हणतो. हे वाक्य लक्षात ठेवा, डिस्कॉर्डच्या गोष्टीत पुढे लागणार आहे.

सोपा मार्ग म्हणजे मॅनेजरनं ओरडायचं, "सगळ्यांनी आहे तिथं थांबा, कुणी काही हलवू नका!" आणि सगळ्या खोल्या तपासायच्या. याला म्हणतात स्टॉप द वर्ल्ड, म्हणजे जगच थांबवायचं. हिशेब एकदम पक्का लागतो, पण तोवर नवरदेव मुंडावळ्या बांधून ताटकळत उभा. वेबसाइटच्या बाबतीत हा थांबा अर्धा सेकंद असला तरी हजारो लोकांच्या स्क्रीनवर ते गोल चक्र फिरायला लागतं.

दुसरा मार्ग म्हणजे लग्न चालू ठेवून सफाई करायची. याचंच नाव कॉन्करंट गार्बेज कलेक्शन. ऐकायला छान, पण यात एक भयंकर खोच आहे.

समजा मॅनेजरनं पहिली खोली तपासली, सगळं नीट, खोलीवर फुली मारली, पुढे गेला. तो चौथ्या खोलीत असताना एका पोरानं सातव्या खोलीतली बॅग उचलली आणि पहिल्या खोलीत नेऊन ठेवली. मॅनेजर सातव्या खोलीत पोहोचला तर तिथं बॅग नाही. पहिल्या खोलीत तो परत जाणार नाही, कारण तिथं फुली आहे. म्हणजे या बॅगेवर कधीच खूण होणार नाही. संध्याकाळी ती कचऱ्यात जाणार, आणि आत नवरीचे दागिने!

प्रोग्रॅममध्ये हे असंच होतं. वापरात असलेली वस्तू कचरा समजून पुसली जाते, आणि तिथून पुढे काय होईल याचा नेम नाही. अशी चूक हजारात एकदा होते, म्हणून ती पकडणं आणखी अवघड.

यावरचा प्रसिद्ध उपाय १९७८ साली छापून आला. लिहिणाऱ्या पाच जणांत एड्स्गर डायक्स्ट्रा आणि लेस्ली लॅम्पोर्ट होते, दोघंही ट्युरिंग पुरस्काराचे मानकरी. त्यांनी वस्तूंना तीन रंग दिले. पांढरी म्हणजे अजून न बघितलेली. करडी म्हणजे बघितली, पण तिच्यातून पुढे जाणारे धागे तपासायचे राहिलेत. काळी म्हणजे पूर्ण तपासलेली. प्रोग्रॅमला घालून दिलेला नियम एवढाच की, सफाई चालू असताना कुठल्याही वस्तूचा पत्ता नवीन ठिकाणी लिहिलास तर ती वस्तू पांढरी ठेवायची नाही, लगेच करडी करायची. आपल्या कार्यालयाच्या भाषेत, बॅग हलवणाऱ्यानंच खडू घेऊन तिच्यावर खूण करायची. या छोट्याशा पहाऱ्याला राइट बॅरिअर म्हणतात.

नियम एका ओळीचा आहे, पण तो बरोबर आहे हे सिद्ध करताना भल्याभल्यांना घाम फुटला. प्रकाशनापूर्वीच्या एका आवृत्तीत खुद्द या मंडळींचीच चूक निघाली होती.

गोमध्ये ही पद्धत आली ऑगस्ट २०१५ मध्ये, १.५ या आवृत्तीत. ध्येय होतं की प्रोग्रॅम एका वेळी १० मिलिसेकंदांपेक्षा जास्त थांबू नये. फेब्रुवारी २०१७ च्या १.८ आवृत्तीत तर थांबा बहुतेक वेळा १०० मायक्रोसेकंदांच्या आत आला, म्हणजे सेकंदाचा दहा हजारावा भाग. पापणी लवायला याच्या हजारपट वेळ लागतो.

मग डिस्कॉर्ड का अडखळत होतं? त्यांच्याकडे तर गो १.९.२ होतं!

कारण थांबा गेला म्हणून काम गेलं असं होत नाही. लग्न चालू ठेवून सफाई करायची तर माणसं त्याच हॉलमधून काढायला लागतात. गो सफाईच्या काळात प्रोसेसरच्या ताकदीतला साधारण २५ टक्के भाग खूण करण्याच्या कामाला लावतो. शिवाय प्रोग्रॅमचा जो भाग भराभर नवीन जागा मागत असेल, त्याच्याही हातात खडू दिला जातो. आधी थोडी सफाई कर, मग जागा घे. "थांबलेलं" कुणीच नाही, पण सगळेच हळू झालेत. कागदावरच्या मायक्रोसेकंदांच्या आकड्यात हे दिसत नाही, आणि जाहिरातीत सांगायला तर कुणालाच आवडत नाही.

डिस्कॉर्डची अडचण याहून खास होती. त्यांच्या प्रत्येक सर्व्हरनं मेमरीत कोट्यवधी रीड स्टेट्स धरून ठेवल्या होत्या, जेणेकरून डेटाबेसकडे सारखं जायला लागू नये. कोड त्यांनी इतका काटकसरीनं लिहिला होता की नवीन कचरा जवळपास होतच नव्हता. एरवी गो मेमरी साधारण दुप्पट झाली की सफाईला निघतो. इथं ती वाढतच नव्हती, म्हणून सफाईही नाही. पण गोमध्ये आणखी एक नियम आहे, दोन मिनिटांत एकदाही सफाई झाली नसेल तर ती जबरदस्तीनं करायची. डिस्कॉर्डच्या लोकांना हे गोचा सोर्स कोड वाचल्यावर कळलं.

आणि आता ते वाक्य आठवा. कलेक्टर कचरा शोधत नाही, कामाच्या वस्तू मोजतो. कचरा चिमूटभर असला तरी कोट्यवधी जिवंत वस्तूंवर एकेक करून खूण करावी लागणार. दर दोन मिनिटांनी सगळं कार्यालय पालथं घालायचं, आणि हाती काय लागणार तर दोन रिकाम्या पिशव्या.

त्यांनी सेटिंग बदलून पाहिली, उपयोग झाला नाही. साठा लहान केला तर सुळके लहान झाले, पण हवी ती नोंद मेमरीत सापडेना आणि डेटाबेसकडे हेलपाटे वाढले. शेवटी त्यांनी ती सेवा रस्ट भाषेत नव्यानं लिहिली. रस्टमध्ये हा कामगारच नाही. कुठली वस्तू कुणाच्या मालकीची हे कोड लिहितानाच ठरतं, आणि मालक गेला की वस्तू तिथल्या तिथं साफ. फेब्रुवारी २०२० मध्ये डिस्कॉर्डनं आलेखांसह ही गोष्ट जाहीर केली. नव्या आलेखात सुळके नव्हते.

यावर गोवाल्यांनी लगेच बोट ठेवलं की, तोवर गो १.१३ आलं होतं, तुम्ही जुनीच आवृत्ती घेऊन का बसलात? मुद्दा अगदीच चुकीचा नव्हता. पण कोट्यवधी जिवंत वस्तू मोजायचं काम कुठल्या नव्या आवृत्तीनं पूर्ण टळलं असतं, असंही नाही.

हे सगळं फक्त मोठ्या सर्व्हरपुरतं नाही. तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनमध्येही असाच कलेक्टर आहे. स्क्रीन सेकंदाला ६० वेळा बदलायची तर प्रत्येक चित्राला मिळतात १६ मिलिसेकंद आणि थोडे वर. त्यात सफाईनं मध्येच थांबवलं की रील झटका खाते. २०१७ च्या अँड्रॉइड ८ मध्ये गूगलनं ॲप चालू असतानाच वस्तू इकडून तिकडे सरकवू शकणारा कलेक्टर आणला, तो याचसाठी.

सगळ्यात भन्नाट जुगाड मात्र ट्विचचा. त्यांच्याही गो सेवेत कलेक्टर सारखा धावत होता, कारण त्यांची मेमरी लहान होती आणि ती दुप्पट व्हायला वेळच लागत नव्हता. भाषा बदलायच्या भानगडीत ते पडले नाहीत. त्यांनी प्रोग्रॅम सुरू होतानाच १० गिबीबाइटची एक रिकामी यादी बनवली आणि तिला कधी हातच लावला नाही. ऑपरेटिंग सिस्टिम वापर झाल्याशिवाय खरी मेमरी देत नाही, त्यामुळे खर्च जवळजवळ शून्य. कलेक्टरला मात्र वाटलं, इथं आधीच दहा आहेत, वीस होईपर्यंत निवांत बसू. सफाईच्या फेऱ्या ९९ टक्के कमी झाल्या. ट्विचनं हे २०१९ मध्ये सांगितलं, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये गोनं मेमरीची मर्यादा सांगण्याची अधिकृत सोय दिल्यावर ती रिकामी यादी ठेवायची गरज बहुतेकांना उरली नाही.