कुठल्या पट्टीत? विचारायला वेळच नसतो!

रविवार सकाळ. उपासना अर्ध्यावर आलीये. ठरलेली चार गीतं तुम्ही शनिवारी रात्री घासूनपुसून ठेवलीयेत, कॉर्डचे कागदही स्टँडवर लावलेत. पाळकांचा संदेश संपतो, ते डोळे मिटतात आणि यादीत नसलेलं पाचवंच गीत सुरू करतात. स्वतःच्या पट्टीत. दुसऱ्या ओळीला अख्खी मंडळी त्यांच्यामागे गातेय आणि तुमचे हात कीबोर्डवर अधांतरी. कुणीतरी वळून बघतंय.

आता काय?

चर्चमध्ये पियानो किंवा कीबोर्ड वाजवणाऱ्या कुणालाही विचारा, हा प्रसंग आलेला असतोच. ग्रेडच्या परीक्षा दिलेली मुलं इथे जास्त अडकतात, कारण समोर स्टाफ नोटेशन नसेल तर बोटं हलायची कशी हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. उलट व्हिडिओ बघून शिकलेल्यांना सगळी गाणी येतात, पण एकाच पट्टीत. आणि मंडळीच्या हातात असतं ते बहुतेक वेळा शब्दांचं पुस्तक. चाल असते लोकांच्या गळ्यात. म्हणजे तिथून उचलायची तर कानानेच उचलावी लागते. (तुम्ही चर्चला जात नसाल तरी वाचत राहा. गणपतीच्या आरतीत प्रत्येक जण आपापल्या सुरात सुरू होतो, तेव्हा पेटीवर बसलेल्याचं दुखणं अगदी हेच असतं.)

‘ऐकून वाजवणं ही देवाची देणगी, ती असते किंवा नसते’ हे वाक्य आधी डोक्यातून काढा. थोडीफार देणगी असेलही. पण उपासनेच्या गीतांपुरतं बोलायचं तर यात बराचसा भाग चक्क हिशोबाचा आहे.

सुरुवात कीबोर्ड बंद ठेवून करायची. गीत पूर्ण गुणगुणा, शब्दांशिवाय. जिथे गळा अडखळतो तिथेच बोटंही अडखळणार, त्यामुळे ती जागा आधी ऐकून पक्की करा. मग शोधायचा तो ‘सा’. गाणं जिथे येऊन टेकतं, जिथे थांबलं की पुढे काही उरलं नाही असं वाटतं, तो सूर. बहुतेक गीतांमध्ये शेवटच्या ओळीचा शेवटचा सूर हाच असतो. तो गुणगुणत ठेवा आणि कीबोर्डवर एकेक पट्टी दाबत जा. सापडला की पट्टी सापडली. सुरुवातीला अर्धा मिनिट लागेल, महिनाभरात एका ओळीत जमायला लागेल. रविवारच्या त्या प्रसंगातही हेच करायचं असतं: पहिली ओळ वाजवायचीच नाही, ती फक्त ऐकायची. दुसऱ्या ओळीला डाव्या हाताने हळूच सा. कुणाच्या लक्षातही येत नाही.

पुढचा हिशोब. तीन कॉर्ड घ्या: सा-ग-प, म-ध-सा आणि प-नी-रे. सगळे सूर मोजून बघा, सातही शुद्ध सूर या तिघांत येतात. म्हणजे मेजर स्केलमधल्या साध्या गीताच्या कुठल्याही सुराखाली यांपैकी एक तरी कॉर्ड बसतोच. चौथा भिडू ध-सा-ग, हा मायनर. पांढरी एकपासून वाजवलं तर हेच सी, एफ, जी आणि ए मायनर. आजच्या वर्शिप साँग्जपैकी ढीगभर गाणी या चारांवर उभी आहेत, उगाच घाबरू नका.

गोंधळ कुठे होतो, तर ‘सा’ला दोन घरं आहेत, पहिल्या कॉर्डमध्येही आणि दुसऱ्यातही. ‘प’चंही तसंच. मग कुठला लावायचा? इथे जुन्या स्तोत्रांच्या शेवटी गातात ते ‘आमेन’ फार उपयोगी पडतं. त्यात वरचा सूर बऱ्याचदा सा-वरच राहतो आणि खालचा कॉर्ड म-ध-सा वरून सा-ग-प वर येतो. हे घरी करून बघा: सा लांब धरून गा आणि खाली फक्त हे दोन कॉर्ड आलटून पालटून वाजवा. तोच सूर एकदा लोंबकळल्यासारखा वाटतो, एकदा घरी पोचल्यासारखा. हा फरक कानाला कळला की निम्मं काम झालं.

दुसरी फसगत सा-ग-प आणि ध-सा-ग यांची. तीनपैकी दोन सूर सारखेच! वरून ऐकून भले भले चुकतात. उत्तर असतं तळाशी, बेसमध्ये. म्हणून रेकॉर्डिंगवरून गाणं उचलताना फोनचा स्पीकर नको, त्याला खालचे सूर झेपत नाहीत. इअरफोन घाला, वेग पाऊणपट करा आणि फक्त सगळ्यात खालचा सूर गुणगुणत जा.

पहिलं गाणं कुठलं? माझं मत विचाराल तर ‘अमेझिंग ग्रेस’. एकेकाळी गुलामांच्या जहाजावर कप्तान असलेल्या आणि पुढे धर्मगुरू झालेल्या जॉन न्यूटनचे हे शब्द १७७९ मध्ये छापले गेले. आज आपण गातो ती चाल त्यांना अमेरिकेत १८३५ मध्ये जोडली गेली. आपल्यासाठी मजा अशी, की या चालीत सूर पाचच आहेत, सा रे ग प ध. म्हणजे भूपाचेच! राग भूप नाही हं, चलन वेगळं आहे, पण मराठी कानाला हे पाच सूर पाळण्यापासून ओळखीचे असतात. दुसरी ओळ वरच्या प-वर थांबते. तिथे सा-ग-प लावून बघा, गाणं संपल्यासारखं वाटेल. प-नी-रे लावा, लगेच पुढची ओळ मागेल.

त्यानंतर ‘सायलेंट नाइट’. १८१८ च्या नाताळात ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फ गावात ते पहिल्यांदा गायलं गेलं ते गिटारवर. कॉर्ड तीनच आणि प्रत्येक कॉर्ड निवांत राहतो, विचार करायला वेळ मिळतो. याच्या उलट ‘ओल्ड हंड्रेड्थ’ ही १५५१ ची जिनिव्हाची चाल. ऐकायला संथ, सोपी. पण जवळपास प्रत्येक अक्षराला कॉर्ड बदलतो. जुनी स्तोत्रं नव्या गाण्यांपेक्षा कानाला अवघड का जातात, त्याचं कारण हेच. सहा महिने त्यांच्या वाटेला जाऊ नका.

आता वादाचा मुद्दा: ट्रान्सपोजचं बटण. गायक काळी दोनमध्ये सुरू झाला, तुम्ही बटणाने तीन पायऱ्या वर नेलं आणि हात सी मध्येच ठेवले. फसवणूक आहे का? अजिबात नाही, गिटारवाला कॅपो लावतो तेव्हा कुणी काही म्हणत नाही. उपासनेत खुशाल वापरा. पण घरी त्याला हात लावू नका. खऱ्या पियानोला बटण नसतं. शिवाय शेजारच्या गिटारवाल्याने ‘कुठला कॉर्ड?’ विचारलं आणि तुम्ही बोटांकडे बघून ‘सी’ म्हणालात, की दोघांचं जे काही होतं ते अख्खी मंडळी ऐकते! त्यापेक्षा आठवड्याला एकच गीत घ्या आणि तीन पट्ट्यांत वाजवा: पांढरी एक, पांढरी दोन, पांढरी पाच. रोज पंधरा मिनिटं पुरतात. रंगीत दांड्या वरून पडणारे व्हिडिओ मात्र यात धरू नका. ते डोळ्यांनी नक्कल करणं झालं. आवाज बंद करूनही जमतं.

याचा अर्थ नोटेशन शिकू नका असा नाही. पोर्तुगीज काळात गोव्याच्या पॅरिश शाळांत मुलांना सुरांचं लेखन-वाचन शिकवत, आणि त्या परंपरेतले वादक पुढे मुंबईच्या सिनेसंगीतात भरले. ‘अमर अकबर अँथनी’च्या गाण्यातलं अँथनी गोन्साल्विस हे नाव खरोखरच्या माणसाचं आहे, माजोर्ड्याचे, प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू. संगीतकार चाल गुणगुणायचे आणि गोव्याचे अरेंजर ती ऐकून कागदावर उतरवायचे. कान आणि कागद, दोन्ही पक्के.

आणि इथवरचा सगळा हिशोब जिथे कोलमडतो, ती गोष्ट आपल्या मराठी चर्चची खास. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी (१८६१–१९१९) ख्रिस्ती भक्ती अभंगांत आणली, कीर्तनात आणली. त्याआधी मराठी शब्द बऱ्याचदा परक्या चालींच्या मापात कोंबले जायचे. टिळकांची भजनं आजही गायली जातात, पेटी, तबला, टाळांसह. वसईच्या मराठी मिस्सामध्येही पेटी-तबला ऐकू येतो. अशा भजनाखाली सवयीने तीन कॉर्ड ठोकले, की चाल गुदमरते. समजा चाल भैरवीच्या अंगाची आहे. तिथे रे कोमल, नी कोमल. तुमचा शुद्ध सुरांचा प-नी-रे थेट गायकाच्या सुरावर आदळतो. शिवाय गायक सुरांमधून घसरत जाणार आणि पियानोच्या पट्ट्या जागच्या जागी. मींड निघत नाही, हाच आक्षेप घेऊन ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली होती, ती १९७१ पर्यंत चालली. आपल्या मंडळींनी ती फारशी मनावर घेतली नाही, ते बरंच झालं.

मग काय करायचं? पेटीवाले करतात ते. डाव्या हातात फक्त सा-प, कॉर्ड नाही. उजव्या हाताने चाल, गायकाच्या किंचित मागून, एकेरी सुरात. ठेका आठ मात्रांचा भजनी असेल तर तो तबल्यावर सोडा, डाव्या हाताने ठोकत बसू नका. पॅडचा मऊ आवाज चालेल, पण सस्टेन पेडलवरून पाय काढा, नाहीतर सूर एकमेकांत कालवले जातात.

ही भजनं रेकॉर्डिंगमध्ये शोधत बसण्याआधी चर्चमधल्या सत्तरीतल्या आजींना गाठा. त्यांना कडवी पाठ असतात, आणि एकाच भजनाच्या दोन-दोन चालीसुद्धा. फोनवर रेकॉर्ड करू का, असं आधी विचारा. आजी नको नको म्हणतील, मग पाच कडवी गातील. पट्टी मात्र त्याच ठरवणार.