खिशातली अवजारपेटी

घरातली अवजारांची पेटी माळ्यावर असते आणि चष्म्याचा स्क्रू मात्र प्रवासात ढिला होतो. बॅगेची चेन अडकते, पार्सलची सुतळी सुटत नाही, बोटात कूस रुतते. अशा वेळी कात्री, चिमटा, पक्कड आणि स्क्रू ड्रायव्हर एकाच घडीत सामावणारे ‘मल्टिटूल’ जवळ असावे, असे अनेकांना वाटते. मात्र दुकानात गेल्यावर ‘यात किती अवजारे आहेत?’ हा प्रश्न सर्वांत आधी विचारला जातो. खरे तर तो सर्वांत शेवटी विचारायला हवा.

या वस्तूचा इतिहासही हेच सांगतो. स्वित्झर्लंडमधील इबाख या गावच्या कार्ल एल्सेनर यांनी १८९१मध्ये स्विस सैन्याला पुरवलेल्या चाकूत पाते, टोचा, डबा उघडण्याचे अवजार आणि स्क्रू ड्रायव्हर एवढेच होते. शिपायाला डबाबंद अन्न उघडता यावे आणि रायफल खोलता यावी, ही त्यामागची गरज. १८९७मध्ये त्यांनी नोंदवलेल्या ‘ऑफिसर्स नाइफ’मध्ये स्प्रिंगच्या दोन्ही अंगांना अवजारे बसवण्याची सोय झाली आणि जाडी फारशी न वाढवता संख्या वाढली. पुढे १९७५मध्ये युरोपात जुन्या मोटारीतून फिरणाऱ्या टिम लेदरमन या अमेरिकी अभियंत्याला आपल्या चाकूत पक्कड नसल्याची उणीव जाणवली. त्यातूनच पकडीभोवती रचलेले मल्टिटूल आकाराला आले आणि १९८३मध्ये ते बाजारात आले. दोन्ही वेळा गरज आधी होती, अवजार नंतर आले.

निवडीची पहिली कसोटी वजनाची. व्हिक्टोरिनॉक्सचा ‘क्लासिक’ हा ५८ मिलिमीटर लांबीचा चाकू सुमारे २१ ग्रॅमचा असतो आणि किल्ल्यांच्या जुडग्यात सहज मावतो. लेदरमनचे ‘वेव्ह प्लस’ भरभक्कम खरे, पण त्याचे वजन सुमारे २४० ग्रॅम. असे जड अवजार आठवडाभर मिरवले जाते आणि नंतर टेबलाच्या खणात जाते. वेळेला हाताशी नसलेले अवजार कितीही उत्तम असले तरी निरुपयोगीच.

दुसरी कसोटी पोलादाची. ‘स्टेनलेस’ म्हणजे कधीच न गंजणारे नव्हे. कोकणातली दमट, खारी हवा किंवा खिशातला घाम यांचा परिणाम सांध्यांवर होतोच. अवजार कोरडे पुसून सांध्यात तेलाचा थेंब सोडावा लागतो. शिवाय सगळे भाग सारखेच कठीण असून चालत नाही. व्हिक्टोरिनॉक्स आपल्या पात्याचा कठीणपणा रॉकवेल मापात ५६ ठेवते, कात्रीचा ५३, तर स्प्रिंगचा ४९. पात्याची धार टिकावी आणि स्प्रिंग मात्र तुटण्याऐवजी लवावी, हे त्यामागचे गणित. स्वस्त नकलांमध्ये नेमके इथेच पाणी मुरते. दिसायला तेच, पण स्क्रू ड्रायव्हरचे टोक पहिल्याच जोरात वळते.

म्हणून विकत घेण्यापूर्वी प्रत्येक अवजार उघडून पाहावे. नखाने ते सहज उघडते की शेजारची दोन सोबत ओढून आणते? पात्याला आडवे हलवल्यास ते डुगडुगते का? पकडीची टोके मिटल्यावर मधून उजेड दिसतो का? कात्री दोरा कापते की नुसता चेपते? पाच मिनिटांच्या या तपासणीतून वेष्टनावरील जाहिरातीपेक्षा अधिक कळते.

सुरक्षिततेचा प्रश्न याहून महत्त्वाचा. लॉक नसलेले पाते केवळ स्प्रिंगच्या जोरावर उघडे राहते. त्याने टोचण्याचा किंवा उचकटण्याचा प्रयत्न केल्यास ते बोटांवर मिटू शकते. उघड्या धातूच्या मुठीची पक्कड विजेच्या कामाला कधीही वापरू नये, कारण तिच्यावर विद्युतरोधक आवरण नसते. छोट्या पकडीने घट्ट नट फिरवण्याचा हट्टही नको. तिथे पानाच हवा.

प्रवासाचे नियमही ध्यानात ठेवायला हवेत. विमानात चाकू हातातल्या सामानात नेता येत नाही, तो चेक-इनच्या सामानातच ठेवावा. किल्ल्यांना अडकवलेला चाकू विसरला, तर सुरक्षा तपासणीत त्यावर पाणी सोडावे लागते. ब्रिटनमध्ये मुलांकडे जाणाऱ्या पालकांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. तिथे ३ इंचांपर्यंत धारेचा, लॉक न होणारा घडीचा चाकू सार्वजनिक ठिकाणी बाळगता येतो. लॉक होणारा चाकू मात्र सबळ कारणाशिवाय बाळगणे गुन्हा ठरतो. बोटे वाचवणारे लॉक तिथे अडचणीत आणू शकते.

तेव्हा खरेदीपूर्वी महिनाभर एक साधी नोंद ठेवावी: घराबाहेर कोणत्या अवजारावाचून खरोखर अडले? बहुतेकांच्या यादीत कात्री, चिमटा आणि लहान स्क्रू ड्रायव्हर यांपलीकडे फारसे काही येणार नाही. त्या यादीत बसेल तेवढेच मल्टिटूल घ्यावे. उरलेली अवजारे माळ्यावरच्या पेटीत आहेतच.