मेंदूचा फोटो काय सांगतो?

घरातलं माणूस बोलता बोलता कोसळतं. हृदय बंद पडलेलं असतं. डॉक्टर छाती दाबून, शॉक देऊन ते पुन्हा सुरू करतात. आपण देवाला हात जोडतो. पण माणूस काही डोळे उघडत नाही. मग आयसीयूबाहेर एकच प्रश्न असतो, ‘डॉक्टर, एमआरआय काढला तर कळेल ना, शुद्धीवर येतील की नाही?’

आमच्या रिसोडमधल्या शेजारच्या काकांना अकोल्याला नेलं, तेव्हा मी काकूंसोबत होते. दुसऱ्याच दिवशी नातेवाइकांत कुजबुज सुरू झाली, ‘आता काही राहिलं नाही, घरी घेऊन जाऊ.’ काकू म्हणाल्या, ‘डॉक्टर थांबा म्हणतात ना, मग मी थांबते.’ सहाव्या दिवशी काका गेले. पण ‘आपण घाई केली’ ही टोचणी काकूंच्या मनाला राहिली नाही. डॉक्टर थांबा का म्हणत होते, ते मला नंतर विचारून, वाचून कळलं.

हृदय थांबलं की मेंदूचं रक्त थांबतं. चार-पाच मिनिटांतच पेशींना इजा व्हायला लागते. ती किती झाली, हे पहिल्या दिवशी नीट कळत नाही. शिवाय झोपेची औषधं चालू असतात, त्यामुळेही पेशंट हलत नाही. म्हणून हृदय सुरू झाल्यापासून निदान 72 तास थांबावं, असा जगभरचा नियम आहे. औषधांचा अंमल उतरला नसेल तर त्याहूनही जास्त.

सिटी स्कॅनमध्ये मेंदूची सूज दिसते. एमआरआय साधारण दुसऱ्या ते सातव्या दिवसात काढला, तर कोणत्या भागातल्या पेशींना मार बसलाय ते जास्त स्पष्ट दिसतं. पण नुसत्या फोटोवर निकाल लागत नाही. डोळ्यांच्या बाहुल्या उजेडाला आकसतात का, मेंदूचा आलेख म्हणजे ईईजी काय म्हणतो, रक्ततपासणी काय सांगते, हे सगळं जुळवून पाहतात. दोन-तीन तपासण्या एकच वाईट गोष्ट सांगत असतील, तरच डॉक्टर आशा कमी असल्याचं बोलतात. फोटो चांगला आला म्हणजे माणूस उठून बसेलच, असंही नाही. आणि घाईने उपचार थांबवले तर माणूस जाणारच. मग अंदाज खरा होता की आपणच तो खरा केला, हे कधीच कळत नाही.

मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग आठवतात? 27 नोव्हेंबर 1973 रोजी हल्लेखोराने त्यांचा गळा आवळला आणि मेंदूचा प्राणवायू तुटला. 18 मे 2015 ला त्या गेल्या, तोवर तिथल्या परिचारिकांनी त्यांना बहिणीसारखं सांभाळलं. 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना तपासायला तीन डॉक्टर नेमले होते. त्यांनी सांगितलं, हा मेंदूमृत्यू नाही. बेशुद्धी वेगळी आणि मेंदूमृत्यू वेगळा, हे आपणही लक्षात ठेवायला हवं.

विज्ञान पुढे जातंय. 2006 मध्ये केंब्रिजच्या डॉक्टरांनी अपघातानंतर काहीच प्रतिसाद न देणाऱ्या एका तरुणीला मशीनमध्ये ठेवून सांगितलं, ‘टेनिस खेळतेयस अशी कल्पना कर.’ आणि तिच्या मेंदूचा नेमका तोच भाग उजळला! 2024 च्या एका मोठ्या अभ्यासात असे प्रतिसाद न देणारे 241 जण तपासले, त्यातल्या 60 जणांच्या मेंदूने सूचना ऐकल्याची खूण दिली. पण ही तपासणी अजून मोजक्याच ठिकाणी होते, तिच्या भरवशावर राहू नका.

तेव्हा अशी वेळ आलीच, तर डॉक्टरांना शांतपणे विचारा: 72 तास झाले का? झोपेची औषधं कधी थांबवली? कोणकोणत्या तपासण्या झाल्या आणि त्या एकच सांगतात का? एमआरआयसाठी पेशंटला हलवणं धोक्याचं आहे का? उत्तरं वहीत लिहून ठेवा. घरचा निर्णय घेताना ती कामी येतील.

आणि त्याआधीची गोष्ट तर आपल्याच हातात आहे. माणूस कोसळलं, श्वास नाही, तर कुणाला तरी 108 ला फोन लावायला सांगा. छातीच्या मधोमध दोन्ही तळहात ठेवून मिनिटाला 100 ते 120 वेळा जोरात दाबत राहा. बचतगटाच्या एखाद्या बैठकीत डॉक्टरांना बोलावून हे सगळ्याजणी शिकून घ्या. मदत येईपर्यंत मेंदूला रक्त पोचवणारे हात घरातल्या बाईचेही असू शकतात.