सोबतची बाटली आणि मधुमेह

गोव्याला जाऊन आलेले एक मधुमेही गृहस्थ परवा दवाखान्यात आले. हॉटेलात महाग पडते म्हणून जेवायला जाताना त्यांनी दुकानातून वाईनची बाटली नेली होती. उघडली म्हणून एकट्याने संपवली. वर मलाच म्हणाले, "डॉक्टरसाहेब, द्राक्षाचाच रस ना तो?"

द्राक्षाची हौस आपल्या कडवंचीतही भागते! १२ टक्क्यांच्या ७५० मिली वाईनमध्ये ९० मिली अल्कोहोल असते, म्हणजे व्हिस्कीचे ३० मिलीचे सात पेग. फेणी तर वाईनच्या तिपटीहून कडक.

खरा धोका रात्री. पोट रिकामे असताना यकृत रक्ताला साखर पुरवते. दारूचा निचरा करण्यात ते गुंतले की हा पुरवठा मंदावतो. त्यात ग्लिमेपिराइडची गोळी किंवा इन्सुलिन घेतलेले असते आणि जेवण लांबलेले. मग दरदरून घाम, थरथर, असंबद्ध बडबड. सोबतचे म्हणतात, चढलीय, झोपू द्या! यांच्या पत्नींनी वेळीच साखरेचे पाणी पाजले म्हणून निभावले. शुद्ध हरपली असेल तर मात्र तोंडाने काही पाजू नये, थेट रुग्णालय गाठावे.

मधुमेह्याने दारू टाळावी हेच बरे. घेणारच असेल तर थोडी, जेवणासोबत, आणि झोपण्यापूर्वी साखर तपासावी. या गृहस्थांचे ग्लुकोमीटर जालन्यात कपाटातच राहिले होते.