घरचें जाळें चालू, जगाची वाट बंद

वसई-विरारच्या पट्ट्यांतील एकत्र कुटुंबांत आज एक चमत्कारिक परिस्थिति वारंवार दृष्टीस पडते. संगणक छपाईयंत्राकडे कागद धाडतो, माजघरांतील छायाचित्रें दिवाणखान्यांतील दूरचित्रवाणीवर दाखवितो. पण महाविद्यालयाच्या प्रवेशाचा अर्ज मात्र उघडत नाहीं. कोपऱ्यांतील चिन्ह 'जोडलेला आहे' असें सांगतें आणि लगेच 'इंटरनेट नाहीं' असेंहि सांगतें. घरांतील जाणता तरुण सकाळच्या लोकलनें चर्चगेटला गेलेला. तो रात्रीं परतणार, आणि अर्जाची मुदत सायंकाळीं संपणार. अशा वेळीं वडीलधारी मंडळी मुलांवर रागावतात, मुलें यंत्रावर रागावतात, आणि दिवस हातचा जातो. म्हणून ह्या व्याधीचें निदान कसें करावें, हें आम्ही आज वाचकांपुढें मांडतों. त्याला विद्वत्ता लागत नाहीं, क्रम लागतो.

प्रथम घरांतील व्यवस्था समजून घ्यावी. चिमाजी आप्पांनीं १७३९ मध्यें जिंकलेल्या वसईच्या किल्ल्याला एक दरवाजा जमिनीकडे व दुसरा समुद्राकडे आहे. घरांतील राउटर नांवाच्या पेटीलाहि तशाच दोन बाजू असतात: एक घरच्या यंत्रांकडे, दुसरी इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीच्या तारेकडे. पहिली उघडी व दुसरी बंद असली, कीं घरांतला व्यवहार सुरळीत चालतो, पण बाहेरचें गलबत धक्क्याला लागत नाहीं. राउटर घरांतील प्रत्येक यंत्राला एक क्रमांक देतो. तो बहुधा १९२.१६८ नें सुरू होतो. असे क्रमांक खासगी जाळ्यांसाठींच राखलेले असल्यामुळें वसईच्या व नालासोपाऱ्याच्या दोन घरांत एकच क्रमांक असूं शकतो. तो असणें म्हणजे जगाशीं जोडणी असणें नव्हे.

आतां पहिला प्रश्न: अडचण एकाच यंत्राची, कीं सर्वांची? ह्यासाठीं त्याच वायफायवर दुसरें यंत्र चालवून पाहावें. मात्र मोबाइलवर परीक्षा करतांना त्याचा स्वतःचा डेटा आधीं बंद करावा. नाहीं तर तो गुपचूप आपल्या वाटेनें जाऊन येतो आणि आपण निष्कारण संगणकाला दोष देतों.

सर्वच यंत्रें अडली असतील, तर संगणकाला हात लावूं नये. दोष राउटरपाशीं किंवा त्याच्या पलीकडे आहे. प्रकाशतंतूच्या जोडणींत 'एल.ओ.एस.' ह्या अक्षरांखालीं तांबडा दिवा लागला, तर कंपनीकडून प्रकाशच येत नाहीं असें समजावें. आमच्या भागांत आणखी एक कारण फार आढळतें. वीज गेली, कीं आपला राउटर इन्व्हर्टरवर चालू राहतो, पण जिन्याखालची कंपनीची पेटी बंद पडते. जुलै २०१८ मध्यें वसई-विरारचा बराच भाग पाण्यांत होता व वीजहि गेली होती. अशा दिवसांत घरचें जाळें जागें आणि बाहेरची वाट निजलेली असणें स्वाभाविक होय. क्वचित् दोष फारच दूर असतो: जानेवारी २००८ च्या अखेरीस ईजिप्तजवळ समुद्रांतल्या तारा तुटल्या, आणि हिंदुस्थानांतील इंटरनेट मंदावलें.

एकच संगणक अडला असेल, तर त्याचा क्रमांक पाहावा. तो १६९.२५४ नें सुरू होत असल्यास राउटरकडून क्रमांक मिळालेलाच नाहीं. वायफाय तोडून पुन्हां जोडावें. क्रमांक कोणीं हातानें भरून ठेवला असेल, तर 'आपोआप' हा पर्याय निवडावा. मग 'पिंग' ह्या आज्ञेनें पायरीपायरीनें हांक मारावी: आधीं राउटरला, म्हणजे बहुधा १९२.१६८.१.१ ला; मग बाहेरच्या ८.८.८.८ ला, शेवटीं एखाद्या संकेतस्थळाच्या नांवाला. क्रमांकाला उत्तर येतें पण नांवाला येत नाहीं, तर वाट मोकळी आहे. नांवावरून क्रमांक सांगणारी व्यवस्था तेवढी बिघडली आहे. हिला डी.एन.एस. म्हणतात, पॉल मोकापेट्रिस ह्यांनीं ती १९८३ सालीं योजिली. तिच्या जागीं ८.८.८.८ किंवा १.१.१.१ भरतांच पुष्कळदां काम होतें. नांवालाहि उत्तर येतें आणि तरीहि पानें उघडत नाहींत, तर कचेरीच्या कामासाठीं घातलेला व्ही.पी.एन. किंवा प्रॉक्सी तशीच राहिली आहे काय, आणि संगणकाची तारीख बरोबर आहे काय, हें पाहावें. जुन्या संगणकांतील लहान घड्याळी बॅटरी संपली, म्हणजे तारीख मागें जाते आणि सुरक्षित संकेतस्थळें दार उघडीत नाहींत.

एक पथ्य मात्र कटाक्षानें पाळावें. राउटर बंद करून थोड्या वेळानें पुन्हां सुरू करण्यास हरकत नाहीं. परंतु त्याच्या पाठीमागील बारीक भोंकांत टांचणी खुपसूं नये. तेणेंकरून आंतील सर्व नोंदी पुसल्या जातात, कित्येक जोडण्यांत कंपनीनें दिलेलें नांव व संकेतशब्दहि जातात, आणि तासाचें दुखणें दोन दिवसांचें होतें.

एकत्र कुटुंबांत दागिन्यांच्या कपाटाची किल्ली एकीजवळ असावी हें ठीक. पण ह्या ज्ञानाची किल्ली एकट्या पुतण्याच्या खिशांत राहूं नये. ग्राहक क्रमांक, कंपनीचा दूरध्वनि व वरील क्रम एका वहींत लिहून ती सर्वांना सांपडेल अशा जागीं ठेवावी, आणि सासूबाईंपासून शाळकरी नातवापर्यंत प्रत्येकानें एकदां तरी, कांहीं बिघडलें नसतांना, हा क्रम करून पाहावा. अर्जाच्या शेवटच्या दिवशीं दोन प्रहरीं ही वही हाताशीं असेल, तर निदान किती वेळ वाट पाहावी आणि केव्हां छत्री घेऊन शेजाऱ्याकडे जावें, एवढें तरी घरच्या मंडळींस निश्चितपणें ठरवितां येईल.